सर्टिफिकेट भिंतीवर, फार्मासिस्ट पुण्यात

मोहल्ल्याच्या नाक्यावरचे मेडिकल दुकान कोणाला माहीत नाही? मगरिबनंतर तेथे गर्दी होते. कोणाच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी असते, कोणाच्या हातात जुन्या गोळ्यांचे रिकामे पाकीट. काउंटरवरचा पोरगा चिठ्ठीकडे एक नजर टाकतो, फळीवरून पट्टी काढतो, कात्रीने कापून देतो. त्याच्या डोक्यावर भिंतीला काचेच्या चौकटीत एक प्रमाणपत्र टांगलेले असते. त्यावरचे नाव आणि काउंटरवरच्या पोराचे नाव एकच आहे काय, हे विचारायची गिऱ्हाइकाला सवय नाही. पण ते विचारणारे दुसरे कोणी तरी असते, आणि तो माणूस एक दिवस दुकानात येतो.

आमच्या परिचयाचे एक दुकानदार आहेत. तालुक्याच्या गावी बापजाद्यांचे किराणा दुकान होते, ते मोडून त्यांनी मेडिकल टाकले. स्वतः बी. कॉम. झालेले, म्हणून ओळखीतल्या एका तरुणाचे फार्मसीचे सर्टिफिकेट दरमहा ठरावीक रकमेवर घेतले. तरुण पुण्यात औषध कंपनीत नोकरीला, सर्टिफिकेट मात्र यांच्या भिंतीवर. सहा वर्षे सुरळीत गेली. मग एक दिवस औषध निरीक्षक आले आणि त्यांनी विचारले, "फार्मासिस्ट कुठे आहेत?" काउंटरवरच्या मुलाने ठरवून दिलेले उत्तर दिले, "साहेब, आत्ताच नमाजला गेलेत." निरीक्षक बाकावर बसून राहिले. नमाज झाली, लोक घरी परतले, फार्मासिस्ट काही आले नाहीत. पुढे कारणे दाखवा नोटीस आली, खुलासा झाला, परवाना काही काळासाठी निलंबित झाला. दुकान बंद, कंपन्यांची देणी चालू, आणि गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीत गेले ते गेलेच.

हे दुकानदार आमच्याकडे आले तेव्हा त्यांची तक्रार होती की अधिकारी त्रास देतात. आम्ही त्यांना एवढेच विचारले, "त्या मुलाला नमाजचे नाव घेऊन खोटे बोलायला कोणी शिकवले?" ते गप्प बसले. हा लेख लिहिण्याचे कारण ते गप्प बसणे आहे. आपल्या समाजातील कितीतरी घरांची रोजी औषधाच्या व्यापारावर चालते. या व्यवसायावर देखरेख करणारी जी संस्था आहे, तिचे नियम काय, अलीकडे त्यांत काय बदल झाले, आणि त्यांत आपला फायदा कुठे व धोका कुठे, हे आपल्या व्यापारी बंधूंना ठाऊक असलेच पाहिजे.

काउन्सिल म्हणजे काय?

औषधविक्रीवर कायदा असा आपल्याकडे बराच काळ नव्हता. कुनैनसारख्या औषधांतही भेसळ होऊ लागली तेव्हा ओरड झाली. 1930 साली सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली आणि 1931 साली तिचा अहवाल आला. औषधावर नियंत्रण हवे आणि औषध देणाऱ्या माणसाचे शिक्षण व नोंदणीही हवी, असे समितीचे सांगणे होते. त्यातून पुढे 1940 चा औषधांचा कायदा आला आणि स्वातंत्र्यानंतर 1948 चा फार्मसी कायदा. या फार्मसी कायद्याखाली 1949 साली फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया स्थापन झाली आणि राज्याराज्यांत राज्य कौन्सिले आली. महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिल मुंबईत आहे.

दिल्लीची कौन्सिल अभ्यासक्रम ठरवते आणि कोणत्या कॉलेजला मान्यता द्यायची ते पाहते. राज्याची कौन्सिल फार्मासिस्टांचे रजिस्टर ठेवते. रजिस्टरात नाव तो फार्मासिस्ट. नाव नाही त्याच्यापाशी कितीही अनुभव असो, कायद्याच्या लेखी तो फार्मासिस्ट नव्हे. नाव वेळेवर नूतनीकरण करून चालू ठेवावे लागते. फी थकली तर नाव रजिस्टरातून निघू शकते आणि ते परत चढवून घ्यावे लागते. पाच वर्षांच्या मुदतीत किमान दोन उजळणी वर्ग केले पाहिजेत, असाही नियम आहे.

येथे एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. राज्य कौन्सिलवर सहा सभासद नोंदणीकृत फार्मासिस्टांच्या मतांनी निवडून जातात. बाकीचे बहुतेक शासनाने नेमलेले किंवा पदसिद्ध असतात. म्हणजे ही आपल्याच मतांची संस्था आहे. आपले किती फार्मासिस्ट बंधू-भगिनी त्या निवडणुकीत मत देतात? पत्ता बदलला तरी कौन्सिलला न कळवणारे आम्हाला पुष्कळ भेटले. मग पत्रेही जुन्या पत्त्यावर जातात आणि नूतनीकरणाची तारीखही निघून जाते.

दोन दरवाजे, दोन कामे

दुकानदारांचा सर्वात मोठा गोंधळ येथे होतो. फार्मसी कौन्सिल वेगळी आणि अन्न व औषध प्रशासन वेगळे. कौन्सिल माणसाला पाहते, प्रशासन दुकानाला. फार्मासिस्टचे नाव, शिक्षण, नूतनीकरण आणि गैरवर्तन यांचा निवाडा कौन्सिलकडे होतो. दुकानाचा परवाना, जागा, फ्रीज, बिले आणि साठा यांची तपासणी प्रशासनाचे औषध निरीक्षक करतात आणि जिल्ह्याला सहायक आयुक्त (औषधे) परवान्याचे काम पाहतात.

किरकोळ विक्रीचे परवाने नमुना 20 व 21 मध्ये मिळतात. त्यासाठी दुकानाची जागा किमान 10 चौरस मीटर हवी. किरकोळ आणि घाऊक दोन्ही एकाच जागी करायचे तर 15 चौरस मीटर. चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिले गेले पाहिजे. काउंटरवरच्या मुलांनी माल लावावा, झाडलोट करावी, बिल करावे, फळीवरून डबा काढून आणावा, याला कोणाची हरकत नाही. औषध पारखून हाती देणे आणि कसे घ्यायचे ते सांगणे हे मात्र फार्मासिस्टचे काम.

फार्मासिस्ट बदलला तर एक महिन्याच्या आत परवाना अधिकाऱ्यांना कळवायचे, ही परवान्यावरच छापलेली अट आहे. आमच्या पाहण्यात अनेक दुकानदारांनी परवान्याची मागची बाजू कधी वाचलेलीच नसते. तसेच भागीदारी बदलली किंवा वडिलांच्या पश्चात भाऊ मालक झाले, तर जुना परवाना जास्तीत जास्त तीन महिने चालतो. तेवढ्यात नव्या नावाने परवाना घ्यावा लागतो. वारसा वाटपाचा वाद वर्षानुवर्षे चालवणाऱ्या घरांनी ही मुदत लक्षात ठेवावी.

शिक्षा आता किती?

फार्मसी कायद्याच्या कलम 42 नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज दुसऱ्याने द्यायचे नाही. डॉक्टर आपल्या स्वतःच्या रुग्णाला औषध देतो, तो अपवाद. हे कलम जुनेच आहे. पण दंड जास्तीत जास्त एक हजार रुपये होता, म्हणून पुष्कळांनी ते मनावर घेतले नाही. हजार रुपये भरू आणि मोकळे होऊ, असा हिशेब होता. आता तो हिशेब चालणार नाही. जनविश्वास कायदा, 2023 ने कैदेची कमाल मुदत सहा महिन्यांवरून तीन महिने केली, पण दंडाची कमाल रक्कम दोन लाख रुपयांवर नेली. कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

महाराष्ट्रात या प्रश्नाची पहिली मोठी झळ 2012 च्या सुमारास लागली. महेश झगडे हे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना फार्मासिस्टच्या हजेरीविषयी राज्यभर तपासण्या झाल्या, परवाने निलंबित झाले आणि केमिस्ट संघटनांनी बंद पुकारले. त्या वेळी दोन्ही बाजूंनी बरेच बोलले गेले. छोट्या दुकानदाराला दिवसभर फार्मासिस्ट ठेवणे परवडत नाही, हा व्यापाऱ्यांचा मुद्दा खोटा नव्हता. पण गिऱ्हाइकाचा जीव हाही मुद्दा होता, आणि कायदा त्या बाजूने उभा राहिला.

पुढे सर्वोच्च न्यायालयानेही आवाज दिला. बिहारमधील रुग्णालयांत व दवाखान्यांत फार्मासिस्टशिवाय किंवा बनावट फार्मासिस्टांकडून औषधे दिली जातात, अशी याचिका होती. 29 नोव्हेंबर 2022 च्या निकालात न्यायालयाने नागरिकांच्या आरोग्याशी असा खेळ खपवून घेता येणार नाही, अशी भूमिका घेतली. राज्य शासन आणि राज्य फार्मसी कौन्सिल या दोघांवरही जबाबदारी असल्याचे सांगून प्रकरण फेरविचारासाठी पाटणा उच्च न्यायालयाकडे पाठवले. प्रकरण बिहारचे असले तरी कायदा सगळ्या देशाचा एकच आहे.

भाड्याचे नाव

सर्टिफिकेट भाड्याने देणाऱ्या तरुणांना वाटते की पकडला गेला तर दुकानदार जाईल, आपले काय? हा भ्रम आहे. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स या नावाने दिल्लीच्या कौन्सिलने 2015 साली व्यवसायाचे नियम लागू केले. सेवा देण्याचा इरादा नसताना आपले नोंदणी प्रमाणपत्र दुकानमालकाला देणे, किंवा एकाहून अधिक दुकानांना देणे, हे त्यात गैरवर्तन म्हणून नमूद आहे. अशा प्रकरणी राज्य कौन्सिल चौकशी करून रजिस्टरातले नाव काढू शकते. आधी म्हणणे मांडण्याची संधी मिळते आणि नंतर राज्य शासनाकडे 30 दिवसांत अपीलही करता येते. पण एकदा नाव निघाले की दोन-चार वर्षांच्या मेहनतीचे शिक्षण पाण्यात जाते. दरमहाच्या थोड्याशा रकमेसाठी ही जोखीम घेणाऱ्या पोरांच्या आईवडिलांनी विचार करावा.

आणि हलाल रोजीचा प्रश्न उरतोच. ज्या कामाला हात लावला नाही त्याचे दाम घेणे आणि जो माणूस दुकानात नाही तो आहे असे भासवणे, याला आपल्या दीनमध्ये काय म्हणतात ते आम्ही सांगायला नको. नोंदणी ही अमानत आहे. ती भाड्याने देता येत नाही.

कंपाउंडर गेले, अनुभवाचे दारही मिटले

जुन्या लोकांना डॉक्टरांचे कंपाउंडर आठवतील. काचेच्या बाटलीत लाल औषध, बाटलीच्या अंगाला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली. एक खाच म्हणजे एक डोस. त्यांच्याकडे कॉलेजची पदवी नव्हती, हातात कसब होते. फार्मसी कायदा आला तेव्हा सरकारने या माणसांना वाऱ्यावर सोडले नाही. दवाखान्यात किंवा औषधालयात औषधे बनवण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव असणाऱ्यांना पहिल्या रजिस्टरात येण्याची सोय कायद्यातच केली. त्या वेळी ज्यांनी अर्ज केला त्यांची घरे तरली. ज्यांनी "आपल्याला काय करायचे कागदाचे" म्हटले, ते आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताखाली राहिले.

ते पहिले रजिस्टर केव्हाच पूर्ण झाले. आज नोंदणीसाठी फार्मसीची पदविका किंवा पदवीच लागते. पदविकेला, म्हणजे डी. फार्म. ला, बारावी विज्ञान लागते; भौतिक, रसायन आणि त्याबरोबर जीवशास्त्र किंवा गणित. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर औषध दुकानात किंवा रुग्णालयात 500 तासांचे प्रात्यक्षिक.

त्यात आता एक नवी पायरी आली आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये कौन्सिलने डी. फार्म. साठी एक्झिट परीक्षेचे नियम प्रसिद्ध केले. ही परीक्षा पहिल्यांदा ऑक्टोबर 2024 मध्ये झाली. तीन पेपर, वस्तुनिष्ठ प्रश्न, प्रत्येक पेपरात किमान 50 टक्के गुण आणि तिन्ही पेपर एकाच खेपेस पास झाले पाहिजेत. कितीही वेळा बसता येते. तिसरा पेपर औषधविषयक कायदा आणि दुकानाचे व्यवस्थापन यांचाच आहे. व्यापारी घरातल्या मुलाला याहून जवळचा विषय कोणता? ज्या मुलांना हे नियम लागू आहेत, त्यांना कॉलेजची मार्कलिस्ट हातात आली तरी ही परीक्षा पास झाल्याशिवाय नोंदणी नाही.

म्हणून कॉलेज निवडताना सावध राहावे. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने नव्या कॉलेजांवर कौन्सिलने घातलेली बंदी रद्द ठरवली आणि नव्या संस्थांना वाट मोकळी झाली. इमारत चकाचक आहे एवढ्यावर प्रवेश घेऊ नये. कॉलेजला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे काय, ती कोणत्या वर्षापर्यंत आहे, हे आधी विचारावे. मान्यता नसलेल्या कॉलेजच्या पदविकेवर रजिस्टरात नाव चढत नाही. आपल्या समाजाने चालवलेली फार्मसी कॉलेजेही आहेत. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथे डॉ. रफिक झकेरिया कॅम्पसमधील यशवंतराव चव्हाण कॉलेज, पुण्यात आझम कॅम्पसमधील अल्लाना कॉलेज, नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुव्याचे अली अल्लाना कॉलेज, नव्या पनवेलला अंजुमन-ए-इस्लामचे काळसेकर संकुल. मुलींसाठी तर हा व्यवसाय विशेष सोयीचा आहे. घराजवळचे दुकान, स्वच्छ काम, इज्जतीची कमाई. ज्या दुकानदाराची मुलगी किंवा सून नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे, त्याला कोणाचे सर्टिफिकेट भाड्याने घ्यावे लागत नाही.

वीस वर्षे काउंटरवर उभे असणाऱ्यांचे काय?

हा प्रश्न आम्हाला सर्वात जास्त विचारला जातो. दहावी झाल्याबरोबर मेडिकलमध्ये लागलेली आपली कितीतरी मुले आज चाळिशीत आहेत. औषधांची नावे तोंडपाठ, कंपन्या तोंडपाठ, पण रजिस्टरात नाव नाही. किरकोळ दुकानात चिठ्ठीवर औषध देण्याचा हक्क त्यांना अनुभवाने मिळणार नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

पण घाऊक व्यापाराचे दार उघडे आहे. नमुना 20-ब व 21-ब च्या घाऊक परवान्यासाठी फार्मासिस्टच असला पाहिजे अशी सक्ती नाही. दहावी पास आणि औषधविक्रीचा चार वर्षांचा अनुभव, किंवा कोणतीही मान्यताप्राप्त पदवी आणि एक वर्षाचा अनुभव, अशी व्यक्तीही सक्षम व्यक्ती म्हणून चालते. येथे तुमची वीस वर्षे कामाला येतात. मात्र अनुभव कागदावर दाखवावा लागतो. आमचे सांगणे असे की मालकाकडून नेमणुकीचे पत्र, पगाराची नोंद आणि अनुभवाचा दाखला आजच घेऊन ठेवा. मालक चांगला असतो तोवर दाखला मिळतो. दुकान बंद झाल्यावर कोणाच्या दारात जाणार?

अत्तार आणि हकीम बंधूंसाठी

युनानी व आयुर्वेदिक औषधांच्या नुसत्या विक्रीला औषध कायद्याखाली विक्री परवाना लागत नाही, आणि तेथे फार्मसी कौन्सिलच्या फार्मासिस्टचीही अट नाही. माजून, अर्क, सरबत यांचा तयार, सीलबंद माल अत्तारांनी निर्धास्त विकावा. मात्र विक्रीसाठी माल स्वतः बनवायचा तर उत्पादनाचा परवाना लागतो. आणि युनानी पुडीत अॅलोपॅथीची गोळी कुटून घालणे हा सरळ गुन्हा आहे. सांध्यांच्या दुखण्यावर एका दिवसात गुण देणाऱ्या पुड्यांमध्ये काय असते, हे जाणकारांना ठाऊक आहे. अशा एका माणसामुळे सगळ्या अत्तारांच्या नावाला बट्टा लागतो.

ही परंपरा आपलीच

परवाना, तपासणी, रजिस्टर हे सगळे इंग्रजांनी आणलेले लफडे आहे, असे म्हणणारे आपल्यात आहेत. इतिहास वेगळे सांगतो. हिजरी 319, म्हणजे सन 931 मध्ये बगदादमध्ये एका वैद्याच्या चुकीने रुग्ण दगावला. खलिफा मुक्तदिर यांनी हुकूम काढला की परीक्षेशिवाय कोणी वैद्यकी करायची नाही. सिनान बिन साबित यांनी परीक्षा घेतल्या आणि एकट्या बगदादमध्ये आठशे साठाहून अधिक लोकांना परवाने मिळाले. शहरोशहरी मुहतसिब नावाचा अधिकारी बाजार तपासत असे, आणि अत्तार व सरबत बनवणारे त्याच्या तपासणीत असत.

औषध विकणाऱ्यांची त्याहूनही जुनी हकीकत तेराव्या शतकातील चरित्रकार इब्न अबी उसैबिआ यांनी लिहून ठेवली आहे. खलिफा मुअतसिम यांचा सेनापती अफशीन याच्या छावणीत औषधे विकणारे पुष्कळ होते. खरा कोण आणि भोंदू कोण हे पाहण्यासाठी त्याने औषधांची म्हणून वीसेक भलतीच नावे काढली आणि माणूस पाठवून ती मागवली. काहींनी "अशी औषधे आम्हाला माहीत नाहीत" असे सांगितले. काहींनी "आहेत की" म्हणून पैसे घेतले आणि हाताला लागेल ते बांधून दिले. अफशीनने सगळ्यांना बोलावले. ज्यांनी "माहीत नाही" म्हटले त्यांना परवाने देऊन ठेवून घेतले, बाकीच्यांना छावणीबाहेर काढले.

आमच्या त्या दुकानदार मित्राला आम्ही हीच गोष्ट सांगितली. "फार्मासिस्ट नाही" असे सांगून चिठ्ठी परत करणारा दुकानदार त्या दिवसापुरते गिऱ्हाईक गमावतो. "आहेत की" म्हणणारा दुकान गमावतो.

आता करायचे काय?

आज रात्री दुकान बंद करण्यापूर्वी भिंतीवरचे सर्टिफिकेट खाली उतरवा. नूतनीकरणाची तारीख पाहा. नाव असलेला माणूस रोज दुकानात असतो काय, याचे उत्तर स्वतःला द्या. नसेल तर कौन्सिलकडे चालू नोंदणी असलेला फार्मासिस्ट नेमणूकपत्र देऊन ठेवा आणि बदल महिन्याच्या आत प्रशासनाला कळवा. तो सुट्टीवर असेल त्या दिवशी चिठ्ठीवरची औषधे देऊ नका. शेड्यूल एच-1 मधल्या औषधांचे वेगळे रजिस्टर ठेवा. 1 मार्च 2014 पासून ते सक्तीचे आहे आणि तीन वर्षे जपून ठेवावे लागते. नोटीस आली तर दलालाकडे धावू नका, मुदतीत लेखी खुलासा द्या. परवाना निलंबित झालाच तर राज्य शासनाकडे तीन महिन्यांत अपील करता येते.

आणि छोट्या दुकानांनी दिवसभराचा फार्मासिस्ट परवडत नाही म्हणून रडत बसण्यापेक्षा दोघा-तिघांनी भागीदारीत एकच चांगले दुकान उभे करावे. फार्मासिस्टलाच भागीदार करून घ्यावे. मोहल्ल्याच्या जमातींनी दरवर्षी एका-दोघा होतकरू मुलामुलींची डी. फार्म. ची फी उचलावी. यात खैरातही आहे आणि व्यापारही.

आमचे मित्र आता सावरत आहेत. त्यांची भाची या वर्षी डी. फार्म. च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तोवर त्यांनी पूर्ण पगारावर एक बाई नेमल्या आहेत. निवृत्त सरकारी फार्मासिस्ट, नाव रजिस्टरात चालू. नफा कमी झाला, असे ते सांगतात. पण परवा निरीक्षक पुन्हा आले आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला, तेव्हा काउंटरवरच्या मुलाला खोटे बोलावे लागले नाही. बाईंनी चष्मा सावरून म्हटले, "मीच आहे, विचारा."